कार्नेगी हॉल : भिंती वाचल्या, कागदांचं काय?

प्रश्न : न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल, म्हणजे तिथलं संगीत-मैफलींचं नामांकित सभागृह, एकदा पाडायलाच काढला होता म्हणे. खरं का? आणि तिथे जुनं असं आज काय उरलंय?

उत्तर : खरं आहे. ५ मे १८९१ रोजी हॉलचं उद्घाटन झालं, तेव्हा रशियन संगीतकार चायकोव्हस्कींनी स्वतः तिथे आपलं संगीत संचालित केलं होतं. तोच हॉल सत्तर वर्षांच्या आत पाडून तिथे टोलेजंग इमारत उभी राहणार होती. व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न यांनी माणसं गोळा केली, चळवळ उभारली आणि १९६० मध्ये शहराने ही वास्तू ५० लाख डॉलरला विकत घेतली.

वास्तुविशारद विल्यम टटहिल स्वतः हौशी चेलोवादक. जाडजूड विटांच्या भिंतींवर त्यांनी हे सभागृह पेललं. तिथल्या नादाची ख्याती तुम्हाला ठाऊक असेलच. १९८६ च्या मोठ्या दुरुस्तीनंतर मात्र 'आवाज बदलला' अशी कुरबुर सुरू झाली. १९९५ मध्ये रंगमंचाच्या फळ्या उचकटल्या, तर खाली काँक्रीट! ते काढून टाकलं. कानांवर विश्वास ठेवणाऱ्यांचं म्हणणं असं नऊ वर्षांनी खरं ठरलं, याचा मला आजही आनंद वाटतो.

पण माझा जीव गुंततो तो कागदांत. घरात तीन पिढ्यांच्या मैफलींच्या कार्यक्रमपत्रिका मी ट्रंकेत जपल्या आहेत, म्हणून असेल कदाचित. कार्नेगी हॉलकडे १९८६ पर्यंत, म्हणजे तब्बल ९५ वर्षं, जुने कागद जपणारं स्वतःचं दफ्तरच नव्हतं. किती पत्रिका, छायाचित्रं, पत्रं त्या काळात कचऱ्यात गेली! ते जमवायचं काम आलं गिनो फ्रान्चेस्कोनी यांच्याकडे. तरुणपणी ते याच हॉलमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवायचे. लोकांना आवाहन केलं गेलं, आणि कुणाकुणाच्या कपाटांत राहिलेल्या पत्रिका परत येऊ लागल्या. ज्यांनी त्या फेकल्या नाहीत, त्यांचेही या हॉलवर स्टर्न यांच्याइतकेच उपकार आहेत, असं मी मानते.

हॉलच्या शंभरीला, १९९१ मध्ये, तिथेच रोझ म्युझियम सुरू झालं. वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनींची बॅटन (संचालनाची छडी), जॅझवादक बेनी गुडमनची क्लॅरिनेट अशा वस्तू संग्रहात आहेत. आणि एक थापीही आहे, गवंड्याची असते तशीच, पण चांदीची. १८९० मध्ये हॉल बांधणारे उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पत्नी लुईझ यांनी कोनशिला बसवली ती हिनेच. कधी जाणं झालं, तर तिची चौकशी अवश्य करा.