'पॉन्डर' कुठे शोभते?

प्रश्न : ऐरोलीतील कार्यालयात वरिष्ठांना पाठवलेल्या ईमेलमध्ये मी 'आय ॲम पॉन्डरिंग टू चेंज माय शिफ्ट' असे लिहिले, तेव्हा सहकारी हसले. 'पॉन्डर' म्हणजे नीट विचार करणेच ना? मग चुकले कुठे?
– एक वाचक, कळवा (ठाणे)

उत्तर : अर्थ आपण बरोबर धरला, जोडणी मात्र चुकली. 'पॉन्डर'चे मूळ लॅटिनमधील वजनवाचक शब्दात आहे आणि मराठीत आपण एखादी गोष्ट 'तोलून पाहतो' तीच कल्पना त्यात असल्यामुळे, जे तोलायचे ते या क्रियापदापुढे थेट येते किंवा 'ओव्हर' अथवा 'ऑन' लावून येते; 'टू चेंज' असे रूप त्याला सरळ चिकटवता येत नाही. मध्ये 'व्हेदर' घातला की वाक्य उभे राहते : 'आय ॲम पॉन्डरिंग व्हेदर टू चेंज माय शिफ्ट'. तरीही कार्यालयीन पत्रात हे जरा जडच वाटेल, कारण 'पॉन्डर'ला सावकाश, मनात घोळवत राहण्याची छटा आहे. स्टेशनबाहेर वडापाव घ्यावा की समोसा, एवढ्यासाठी ते वापरल्यास विनोदच होईल (तो हेतू असेल तर अवश्य वापरावे).

आपल्याला हवे होते ते 'कन्सिडर' : 'आय ॲम कन्सिडरिंग चेंजिंग माय शिफ्ट'. येथेही 'टू चेंज' चालत नाही, आणि आपल्याकडील अर्जांत सर्रास दिसणारे 'कन्सिडर अबाउट' तर मुळीच नको, कारण 'विषयी' हा भाव त्या क्रियापदाच्या पोटातच आहे.