हापूसच्या जाहिरातीत काय लिहू?

प्रश्न : ताई, राजापूर तालुक्यात आमची हापूसची वडिलोपार्जित बाग आहे. यंदा दलालाकडे माल न घालता पुण्या-मुंबईला थेट पेट्या द्यायचं ठरवलंय. मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवायला मजकूर केला आहे : 'कोकणच्या मातीतला अस्सल, जगात सर्वोत्तम हापूस! १०० टक्के केमिकलमुक्त! मधुमेहींनाही चालतो! बाजारातलं विष मुलांना खाऊ घालू नका! शेवटच्या काही पेट्या शिल्लक!' तो म्हणतो, लोकांच्या काळजाला हात घातल्याशिवाय माल खपत नाही. आमचा दर बाजारापेक्षा जरा जास्त आहे. मजकूर वाचून मला मात्र अवघडल्यासारखं झालंय. काय करू?
– एक बागायतदार

उत्तर : मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. माणूस भावनेने खरेदी करतो, हे मी जाहिरात एजन्सीत मराठी कॉपी लिहायला लागले तेव्हापासून बघत आले आहे. पण या मजकुरात भावना आहे कुठे? नुसती विशेषणं आहेत. 'अस्सल' आणि 'सर्वोत्तम' हे शब्द एप्रिल-मे महिन्यात पुण्यातल्या प्रत्येक हातगाडीवर लावलेले असतात. त्यांच्यावरून नजर सरळ पुढे जाते.

तुमच्याकडे जे आहे ते त्या हातगाडीकडे नाही. आंबा कधी उतरवायचा हे तुम्ही ठरवता. मग तेच लिहा. 'आंबा चौदा आणे तयार झाला की झेल्याने देठासकट उतरवतो, सालीवर चीक पडू देत नाही, गवताच्या अढीत पिकवतो.' (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार, चौदा म्हणजे त्याच्या जरा आधी; झेला म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी.) या एका वाक्यात काय काय होतं बघा. ज्याचं आजोळ कोकणात आहे त्याला माळ्यावरची अढी आठवते, तो वास आठवतो. तिथे 'आजीच्या आठवणी' असं लिहायची गरजच उरत नाही. आणि ज्याने कोकण पाहिलेलं नाही त्यालाही एवढं कळतं, की या माणसाला आंब्यातलं कळतं.

हे दुसरं फार मोलाचं आहे. ऐकणाऱ्याला पटवायचं तर सांगणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला तर्क या तिन्हींचा आधार लागतो, असं ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी मांडून ठेवलंय. तुमचा मुलगा एका भावनेवरच सगळं ओझं टाकतोय. तुम्ही नवे विक्रेते आहात, समोरच्याने तुमचं तोंडही पाहिलेलं नाही. म्हणून तुमचं पहिलं काम पत उभी करण्याचं.

त्यासाठी साक्याबद्दल लिहा. हापूस वरून सोन्यासारखा दिसला तरी कापल्यावर साका, म्हणजे गरातला पांढुरका, खराब भाग, निघू शकतो, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला माहीत असतं आणि कुठलीच जाहिरात त्याचं नाव काढत नाही. तुम्ही काढा. 'साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढे आंबे भरून देऊ.' मालाची उणी बाजू जो आपणहून सांगतो, त्याच्या बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो. शिवाय २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालंय. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर तसं लिहा. नसेल तर करून घ्या, तोवर मानांकनाचं नाव घेऊ नका.

आता जे काढायचं ते.

'मधुमेहींनाही चालतो' आजच्या आज काढा. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतल्या दाव्यांसाठी २०१८ पासून केंद्राचे स्वतंत्र नियम आहेत. पण नियम नसते तरी मी हेच सांगितलं असतं. तुमच्यावर विश्वास ठेवून कुणी म्हातारा माणूस रोज दोन आंबे खाईल.

'केमिकलमुक्त'चं काय? मोहोरावर तुडतुड्या किडीसाठी फवारणी केली असेल, मोहोर यावा म्हणून झाडाला कल्टार हे रसायन घातलं असेल, तर हा शब्द खोटा आहे. तुम्ही कार्बाइड वापरत नसाल तर 'कार्बाइडने पिकवत नाही' एवढंच म्हणा. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे आणि लोकांना त्याची काळजीही आहे. ती खरी काळजी आहे, तिला खरं उत्तर द्या. 'बाजारातलं विष' म्हटलंत की तुमच्याच शेजारच्या बागेतून वाशीच्या घाऊक बाजारात गेलेला आंबाही त्यात आला. आईबापांना मुलांच्या नावाने घाबरवून विकणं मला कधीच मान्य झालेलं नाही. भीतीने घेतलेली पेटी लोक आनंदाने खात नाहीत, आणि आंबा तर आनंदासाठीच घेतात.

'शेवटच्या काही पेट्या' हंगामाच्या सुरुवातीलाच लिहिणं म्हणजे खोटी घाई. ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांबद्दल २०२३ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत हिचा समावेश आहे. मे महिन्यात खरंच बाग आटोपत आली की जरूर लिहा, तारीख घालून लिहा.

राहिला दर. ऐंशीच्या दशकातली सर्फची ललिताजी आठवते का? निरमा कितीतरी स्वस्त होती, त्या दराला सर्फ येऊ शकत नव्हती. तेव्हा अलिक पदमसींच्या लिंटास या जाहिरात एजन्सीने कविता चौधरींना उभं केलं : भाजी पारखून, घासाघीस करून घेणारी चोख गृहिणी, आणि तीच महाग पावडर घेते. का घेते, याचा हिशेबही तीच सांगते. दर लपवला नाही, दराचं कारण दिलं. तुम्हीही द्या : निवडून भरलेली पेटी, घरपोच, खराब निघालं तर भरपाई.

मी लिहिला असता तो मजकूर असा. जे तुम्हाला लागू नसेल ते खोडा.

'राजापूर तालुक्यातली आमची स्वतःची बाग. आंबा चौदा आणे तयार झाला की देठासकट उतरवतो, गवताच्या अढीत घालतो, कार्बाइडने पिकवत नाही. पेटी पोचल्यावर वास सुटेपर्यंत धीर धरा, आधी फ्रिजमध्ये ठेवू नका. साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढे आंबे भरून देऊ. पेटी पाच डझनांची, दर घरपोच.'

खाली दर, तुमचं नाव, गाव आणि फोन. उद्गारचिन्ह एकही नको.

प्रश्न : गावच्या वाचनालयाचं छप्पर गळतंय, बालविभागातली पुस्तकं भिजली. देणगीच्या पत्रकाची सुरुवात 'वाचनसंस्कृती मरणपंथाला लागली आहे' अशी करावी का?
– वाचनालयाचा कार्यकर्ता

उत्तर : नको. मरणपंथाला लागलेल्या गोष्टीला कोण पैसे देईल? भिजलेल्या पुस्तकांपासून सुरुवात करा, ती तुमच्या डोळ्यांसमोर आहेत.

आणि मागणी छोटी, मोजता येईल अशी ठेवा. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी पैसा फंड उभारला तो माणशी एक पैसा मागून. टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एक पैसा द्यायला कुणाला नाही म्हणता येत नव्हतं, आणि दिल्यावर कारखाना आपला वाटत होता. तुमच्याकडे पत्र्याचा हिशेब असेलच. एका पत्र्याला बसवणुकीसकट किती खर्च येतो ते लिहा आणि लोकांकडे एकेक पत्रा मागा. दोघा-तिघांनी मिळून एक दिला तरी चालेल, हेही लिहा. खजिनदाराचं नाव द्या, आणि जमाखर्च वाचनालयाच्या फळ्यावर दर आठवड्याला लागेल असं कळवून तो खरंच लावा.