फोन तिच्या हातात राहू दे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

लिहा-वाचायला शिकणाऱ्या प्रौढ बायकांच्या वर्गासाठी कोणती ॲप घ्यावीत असं तू विचारलंस. पण सुरुवात वहीपासून कर. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाईच्या नावापुढे एवढं लिहून काढ: घरातला फोन कोणाचा, बटणांचा की टचचा, तिच्या हाताशी किती वाजता येतो, रिचार्ज कोण मारतं आणि तिला जवळचं नीट दिसतं का. फोन नवऱ्याबरोबर सकाळी कामावर जात असेल, तर दुपारी पाठवलेला अभ्यास ती रात्री भांडी आवरल्यावरच ऐकणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘केलं नाहीस का?’ असं विचारण्याआधी हे तुला माहीत असायला हवं.

दिसण्याचा प्रश्न तर सगळ्यांच्या आधी. चाळिशी उलटलेली बाई ‘माझ्या डोक्यात अक्षर शिरत नाही’ म्हणते, तेव्हा पुष्कळदा तिला फक्त चष्म्याची गरज असते. पान हातभर लांब धरायला सांग. लांबून स्पष्ट दिसलं, तर आधी डोळे तपासून घ्यायचे, धडा मागाहून. फोनच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली अक्षरांचा आकार वाढव. व्हॉट्सॲपमधली अक्षरं त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, चॅट्सखाली, वेगळी मोठी करता येतात; तेही पाहून घे. बारीक अक्षरात घ आणि ध, द्य आणि द्ध यांतला फरक नव्याने वाचणाऱ्या डोळ्याला कळतच नाही आणि चूक तिच्या माथी येते.

आता मुख्य गोष्ट. फोन शिकणारीच्या हातात राहिला पाहिजे. ‘इकडे द्या, मी करून देते’ हे वाक्य वर्गात तोंडातून काढायचं नाही. तू चार बटणं भराभर दाबून दिलीस, तर काम होतं, पण हे आपल्याला जमणारं नाही हा तिचा समज पक्का होतो. कुठे दाबायचं ते लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाखव. पेन्सिलीच्या लाकडाने टच स्क्रीन सहसा चालत नाही, त्यामुळे चुकूनही तुझ्याकडून काही उघडत नाही आणि दाबायचं काम तिच्याच बोटाला करावं लागतं. कष्टाच्या कामाने बोटं कोरडी, घट्ट झालेली असतात. स्क्रीन दाद देत नसेल तर जोरात दाबण्याऐवजी बोट किंचित आडवं टेकवायला सांग. जास्त वेळ दाबून धरलं की भलतंच काही उघडतं. ‘टेकव आणि उचल’ एवढंच पहिल्या दिवशी शिकव.

वाचनासाठी फोनचा सगळ्यात चांगला उपयोग बोलून टाइप करण्याचा. कीबोर्डची भाषा मराठी ठेव, माइकचं चिन्ह दाबायला लाव आणि तिला घरचं एक वाक्य बोलू दे, चार ते सहा शब्दांचं. ‘आज मी शेपूची भाजी केली.’ आपलं बोलणं डोळ्यांसमोर अक्षर होऊन उमटताना पाहिलं की तिचं लक्ष जसं लागतं, तसं छापील धड्याने लागत नाही. ते वाक्य तिने वहीत मोठ्या अक्षरांत उतरवायचं. मग कागदाच्या पट्टीवर लिहून शब्द कापायचे, पट्ट्या मिसळायच्या आणि पुन्हा जुळवायच्या. दुसऱ्या दिवशी त्यातले दोन शब्द घेऊन नवं वाक्य.

इथे दोन ठिकाणी गाडी अडते. एक, फोनला बोली नीट समजत नाही. बाई ‘व्हतं’ म्हणाली की तो ‘होतं’ लिहितो किंवा भलताच शब्द टाकतो. असं झालं की तिचा शब्द तू हाताने टाइप करून दे. सुरुवातीच्या वाचनात कानाला जे माहीत आहे तेच डोळ्याला दिसलं पाहिजे; प्रमाण रूप महिनाभराने शेजारी लिहिलं तरी चालतं. दुसरं, आपलंच वाक्य असल्यामुळे ती ते आठवून म्हणते आणि आपल्याला वाटतं वाचलं. म्हणून नेहमी शेवटचा शब्द आधी विचार, मग मधला.

पाठ असलेल्या ओव्या आणि आरत्यांनाही हेच लागू. टीव्हीवरच्या गाण्याखाली त्याच भाषेतले शब्द दाखवले तर लोक नकळत वाचू लागतील, ही कल्पना संशोधक ब्रिज कोठारी यांनी १९९६मध्ये अहमदाबादच्या आयआयएम या व्यवस्थापन संस्थेतून पुढे नेली. तू ती छोट्या प्रमाणावर करू शकतेस: ओवीचे शब्द मोठ्या कागदावर लिहायचे, फोनवर आवाज लावायचा आणि म्हणता म्हणता प्रत्येक शब्दाखाली तिचं बोट फिरायला हवं. बोट आवाजाच्या पुढे पळालं, तर ती वाचत नाही, गाते आहे.

टायपिंगला रोमन अक्षरांतून मराठी करणारा कीबोर्ड देऊ नकोस. जिला अजून मराठी अक्षर येत नाही तिच्यावर दुसरी लिपी लादल्यासारखं होतं. देवनागरी कीबोर्ड ठेव. त्यात ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी दाबावी लागते, आणि कागदावर तर वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते. या एका गोष्टीवर बायका फार अडतात. वेगळा तास दे. ‘सूर्य’मधल्या रफाराचंही तसंच: र, हलन्त (पाय मोडायची खूण), मग य. बोटाने स्क्रीनवर गिरवून लिहायची सोय छान वाटते, पण फोन अंदाजाने शब्द दुरुस्त करून टाकतो आणि कोणतं अक्षर चुकलं ते तुला कळत नाही. लिहिणं वहीतच व्हायला हवं.

घरच्या अभ्यासासाठी व्हिडिओपेक्षा आवाजी निरोप बरा. मिनिटभराचा आवाज एक एमबीच्याही आत बसतो, व्हिडिओ मात्र दिवसाचा डेटा खातो. निरोप मिनिटाच्या वर नेऊ नकोस. व्हॉट्सॲपवर आवाजाचा वेग वाढवता येतो, नेहमीपेक्षा कमी करता येत नाही, म्हणून तूच सावकाश बोल आणि प्रत्येक शब्दानंतर पाच सेकंद थांब, त्यांना म्हणायला. गटाऐवजी ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच निरोप प्रत्येकीला वेगळा पाठवायची सोय, वापरलीस तर एक लक्षात ठेव: जिच्या फोनमध्ये तुझा नंबर सेव्ह नाही तिला निरोप पोचतच नाही. पुष्कळ बायका एकमेकींना नंबर दिसावा अशा गटात येत नाहीत, घरून परवानगी नसते. तेव्हा ही यादीच सोयीची, पण नंबर सेव्ह करणं हा तिथला पहिला धडा. बटणांच्या फोनवाल्यांना कॉन्फरन्स कॉलवर घे. चार-पाच जणींना दहा मिनिटं पुरतात. समोर छापील पान असायलाच हवं.

अंकांकडे जास्त लक्ष दे. पैशाचा हिशेब त्यांना तोंडी येतो, अडतं ते लिहिण्यात. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, म्हणून ऐकून लिहिताना ५२ होतं. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असं वाचनही दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. प्रौढांच्या वर्गात मात्र ही अडचण रोज समोर येते. फोनवरचे आकडे बहुधा इंग्रजी अंकांत असतात, म्हणून दोन्ही अंक एकाच ओळीत शिकव. ओटीपी एकेक अंक वाचायची सवय लाव, आणि तो कोणालाही सांगायचा नाही हेही तिथेच. यूपीआयवर आधी एकमेकींना एकेक रुपया पाठवायला लाव. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे वाक्य भिंतीवर मोठ्या अक्षरांत असू दे; फसवणूक पुष्कळदा तिथूनच होते. खाली १९३० हा सायबर तक्रारीचा क्रमांक लिही.

‘उल्लास’ या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमातून परीक्षेला बसवणार असशील, तर ती कागदावर असते: १५० गुण, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि तिन्हींत निदान ३३ टक्के हवेत. लेखनात गुण जातात ते हात सरावाचा नसल्यामुळे. शेवटचा महिना वर्गात फोन बाजूला आणि रोज अर्धा तास पेन.

परीक्षा झाली की गट किंवा यादी बंद करू नकोस. वापर सुटला की वाचन विसरतं. दर रविवारी चार ओळी टाइप करून पाठव: रेशन कधी येणार, पाणी किती वाजता सुटणार, आरोग्य शिबिर कुठे. त्यांना खरोखर हवं असलेलंच. आता आवाजी निरोप तिथे टाकायचा नाही, आणि कोणी फोन करून ‘काय लिहिलंय?’ विचारलं तर पहिला शब्द तिला वाचायला लाव.