स्माइल की पीआरके? आधी तपासणीचे कागद बघा

चष्मा घालवायच्या लेसर ऑपरेशनबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला. दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाच नंबर, कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची, जाडी ४८५ मायक्रॉन, एका क्लिनिकनं स्माइल सुचवलंय, दुसऱ्या डॉक्टरांनी पीआरके करा म्हटलंय, आणि दुखतं किती, सुट्टी किती टाकू हे तुम्हाला ठरवायचंय. माझं लेसिक, म्हणजे याच कामाचं तिसरं एक लेसर ऑपरेशन, होऊन बरीच वर्षं झाली. धाकट्या भावाचं पीआरके झालं तेव्हा त्याच्या उशाशी मीच होते, म्हणून दोन्हींबद्दल सांगते.

दुसरे डॉक्टर जुन्या पद्धतीचे आहेत असा अर्थ लगेच काढू नका. साधा हिशोब करा. एक नंबर घालवायला साधारण १२ ते १५ मायक्रॉन कॉर्निया जातो, म्हणजे तुमच्या नंबराला ७५-८० मायक्रॉन. लेसिकमध्ये वरची पातळ झडप, फ्लॅप, साधारण ११० मायक्रॉनची. ४८५ मधून हे दोन्ही वजा केलं की खाली तीनशेच्या आतच उरतात. २५० ही किमान मर्यादा मानतात, पण बरेच सर्जन ३०० हाताशी ठेवूनच पुढे जातात. स्माइलमध्ये फ्लॅप नसतो, छोट्या छेदातून आतली चकती काढतात, तरी काम कॉर्नियाच्या आतल्या थरातच होतं. पीआरकेमध्ये फक्त वरची नाजूक साल काढून लेसर पृष्ठभागावरच मारतात, त्यामुळे खालची जाडी जास्त शिल्लक राहते. पातळ कॉर्नियाला हा सल्ला मिळणं अगदी रास्त आहे.

पण जाडीपेक्षाही आकार महत्त्वाचा. कॉर्नियाचा नकाशा काढतात, ती टोपोग्राफी. तिच्यात केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची, नुसती शंका आली तरी लेसर टाळायचा, कारण कमकुवत कॉर्निया नंतर पुढे फुगत जातो आणि ते निस्तरणं फार अवघड असतं. तुम्ही कॉन्टॅक्ट लेन्स वापरता असं लिहिलंय. तपासणीच्या दिवशी सकाळपर्यंत लेन्स डोळ्यात असतील तर ते आकडे मनावर घेऊ नका. लेन्सनं कॉर्नियाचा आकार बदलतो. मऊ लेन्स असतील तर एक-दोन आठवडे बंद ठेवून तपासणी पुन्हा करा, सेमी-सॉफ्ट असतील तर आणखी जास्त. थेंबांनी बाहुली मोठी करून डोळ्यामागचा पडदाही (रेटिना) तपासून घ्या. लेसरनं चष्मा जातो, मोठ्या नंबरामुळे पडद्याला असलेला धोका जात नाही. वर्षभरात नंबर बदललेला असेल तर थांबाच.

आता दुखण्याचं. प्रत्यक्ष ऑपरेशन दुखत नाही. बधिर करणारे थेंब घालतात, पापण्या उघड्या ठेवायला चिमटा लावतात. लेसिकमध्ये डोळ्यावर कडी बसवून दाब देतात आणि काही क्षण समोरचा ठिपका विझून सगळं अंधारतं. हे आधी माहीत असेल तर माणूस दचकत नाही. मग टकटक आवाज आणि केस जळल्यासारखा वास. डोळा भाजला असं वाटून मी टेबलाची कड घट्ट धरली होती. खरं तर एक्सायमर लेसर १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण आहे, तो जाळत नाही, रेणूंमधले बंध तोडतो.

पीआरकेमध्ये त्रास येतो तो घरी. भावाला पहिले दोन-तीन दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखं होत होतं, पाणी थांबेना, ट्यूबलाइटही सहन होईना. पडदे ओढून, फोन बाजूला ठेवून पडून राहायचं. वेदनाशामक गोळ्या आणि थंड पाण्याच्या घड्या कपाळावर, डोळ्यावर नाही. चार-पाच दिवसांत साल भरून आली की ऑपरेशननंतर पट्टीसारखी डोळ्यावर बसवलेली लेन्स काढतात. नजर मात्र तेव्हाही धूसरच असते आणि पुढचे काही आठवडे हळूहळू उजळते. निदान दहा दिवसांची रजा टाका. तुमच्या आईला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी त्या घाबरतील. लेसिकवाल्याला दुसऱ्या दिवशीच दिसू लागतं, त्याच्याशी तुलना करू नका.

तुमचा रोजचा प्रवास डोंबिवलीहून मुंबईतल्या बीकेसीच्या ऑफिसात, म्हणजे गर्दीची लोकल आणि ऑफिसचा एसी. सुरुवातीला सकाळच्या गर्दीत अजिबात चढू नका, कोणाचं कोपर कधी लागेल सांगता येत नाही. मेट्रोच्या कामांची धूळ आहेच, गॉगल हवाच. पीआरकेनंतर उन्हासाठीही हवा, कारण उन्हानं कॉर्नियावर धुरकटपणा येण्याची शक्यता वाढते. डोळे चोळायचे नाहीत, डोक्यावरून अंघोळ आणि काजळ डॉक्टर सांगतील तेव्हाच. स्टेरॉइडचे थेंब मनानं बंद करू नका, मनानं वाढवूही नका. त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून फेरतपासणी चुकवायची नाही.

डोळे कोरडे पडणं ही सगळ्यात सर्रास तक्रार आहे. स्क्रीनवर काम असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे थेंब काही महिने जवळ ठेवा. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, बहुतेकांची हळूहळू कमी होतात, काहींची थोडी राहतात. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागणारच.

मेडिक्लेमवर भिस्त ठेवू नका, ७.५ पेक्षा कमी नंबर पॉलिसीत वगळलेला असतो. आणि ऑपरेशनआधीचे सगळे रिपोर्ट, टोपोग्राफीसकट, मागून घेऊन जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला तर डोळ्यात बसवायच्या लेन्सची पॉवर ठरवताना डॉक्टर हेच कागद मागतील.