चार्टवरचे वीस

प्रिय बाळ,

नर्स एज्युकेटरची, म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरांना शिकवणारीच्या नेमणुकीची, ऑर्डर हातात पडली हे सांगताना तुझा आवाज कापत होता. आयसीयूत व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळतानाही तो कधी कापलेला मी ऐकला नाही. पहिल्या महिन्यात काय करू, असं विचारलंस. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

तुला वर्षाचं ट्रेनिंग कॅलेंडर देतील. हात धुणं, बायोमेडिकल वेस्ट म्हणजे दवाखान्यातला कचरा, बीएलएस म्हणजे हृदय-श्वास थांबल्यावरचे प्राथमिक उपाय, आग लागली तर काय करायचं, सगळ्याच्या तारखा ठरलेल्या असतील. हजेरीचे कागद, प्री-टेस्ट, पोस्ट-टेस्ट नीट फाइलला लाव, रुग्णालयांना मान्यता देणारे एनएबीएचवाले ते मागतातच. पण पहिले पंधरा दिवस हॉलमध्ये पाऊल टाकू नकोस. सकाळी ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देणं-घेणं, चालू असताना वॉर्डात जा, हातात फाइल न घेता, आणि गप्प उभी राहा.

मग कुठल्याही वॉर्डातला व्हायटल्सचा, म्हणजे पल्स, बीपी, ताप, श्वास यांचा, चार्ट उघड. पल्स कुणाची 78, कुणाची 104. बीपी वेगवेगळं, ताप वेगवेगळा. आणि श्वासाच्या रकान्यात? 20, 20, 20, 20. अख्खा वॉर्ड मिनिटाला वीसच श्वास घेतोय! बाकीचे आकडे मशीन देतं, श्वास मात्र बहुतेक वॉर्डांत डोळ्यांनीच मोजावा लागतो आणि त्याला पूर्ण एक मिनिट लागतं. तीस पेशंटमागे दोन सिस्टर असतील तर ते मिनिट कुठून येणार, हे मला कळतं. पण जंतुसंसर्ग रक्तात पसरत असो, न्यूमोनिया वाढत असो की हृदय थकत असो, बीपी पडण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढलेला असतो. ऑक्सिजन लावलेला असला की सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, 97 टक्के दिसत राहतं आणि आपण निर्धास्त होतो. तो 97 टिकवायला पेशंटला किती धाप लागतेय, ते यंत्र सांगत नाही.

यावर लेक्चर घेऊ नकोस. एका मुलीला बेडपाशी घेऊन जा. पल्स बघतेय असंच दाखवून मनगटावर बोटं ठेवायला सांग, कारण श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. नजर छातीपोटावर, आणि साठ सेकंद पूर्ण. शेजारी उभी राहून तूही मनात मोज. मग तिला आकडा विचार. ती 28 म्हणेल आणि स्वतःच चार्टकडे बघेल. त्या क्षणी तू काही बोलू नकोस.

नंतर विचार, आता कुणाला सांगायचं आणि कसं? इथेच आपल्या मुली अडतात. रात्री अडीचला डॉक्टरांना फोन लावतात आणि म्हणतात, "सर, बारा नंबरचा पेशंट बरा वाटत नाहीये." पलीकडून "बघतो" येतं आणि फोन बंद. तिच्याकडून मोठ्याने म्हणून घे: "सर, मेल मेडिकलमधून सिस्टर बोलतेय. बेड 12, परवा न्यूमोनियासाठी ॲडमिट झालेत. दोन तासांत श्वास 20 वरून 30 वर गेलाय, पल्स 118, चार लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन 91. एक वाक्य पूर्ण बोलवत नाहीये. तुम्ही आत्ता येऊन बघावं." चार-पाच वेळा म्हणून घे. जिल्ह्याच्या गावांतून जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून आलेल्या कितीतरी मुली इंग्रजीच्या धास्तीने फोन टाळतात. त्यांना स्पष्ट सांग, मराठीत बोल. आकडे तेच राहतात.

याच्या उलट अडचण केरळहून आलेल्या सिस्टरांची. कामाला वाघ, पण आपला पेशंट दुखणं कसं सांगतो ते त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. कळ येणं वेगळं, ठणकणं वेगळं, चमक निघणं वेगळं. पायाला मुंग्या येतात, पोटात कालवतं, डोकं गरगरतं. आणि घामाघूम झालेला साठीचा माणूस "जीव घाबरा होतोय, कसंतरीच होतंय" म्हणाला, तर त्याला धीर देत बसायचं नाही, ताबडतोब ईसीजी काढायचा. मी असे पन्नासेक शब्द वहीत उतरवून ड्यूटीरूममध्ये टांगले होते. माझ्या सगळ्या नोकरीत याहून उपयोगी अभ्यासक्रम मी तयार केला असं मला वाटत नाही. तुझ्या भागातले शब्द वॉर्डातल्या मदतनीस मावशींना आणि मामांना विचार, पेशंट त्यांच्याशी जास्त मोकळं बोलतात.

आता माझी एक चूक सांगते. ती तू करू नयेस, एवढ्यासाठीच.

मी एज्युकेटर होऊन वर्षही झालं नव्हतं. एका नव्या मुलीने इन्सुलिन देताना एका मिलीत 100 युनिट असलेली व्हायल घेतली आणि लाल टोपणाची, म्हणजे मिलीला 40 युनिटच्या इन्सुलिनसाठीची सिरिंज. ऑर्डर 20 युनिटची होती. तिने 20 च्या रेघेपर्यंत भरलं, म्हणजे अर्धा मिली, आणि त्या अर्ध्या मिलीत 50 युनिट होते. पेशंटची शुगर उतरली, डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं सलाइन द्यावं लागलं, देवाच्या दयेने ते वाचले. मी त्या मुलीला नर्सिंग स्टेशनवर, नातेवाइकांच्या देखत फाडून खाल्लं. लेखी खुलासा घेतला. पुढे काही महिने त्या वॉर्डातून एकही चूक नोंदली गेली नाही आणि ते मी मीटिंगमध्ये अभिमानाने सांगितलं. नंतर एका नाइटला चहा पिताना दुसरी सिस्टर बोलून गेली, की मधल्या काळात तसंच आणखी दोनदा झालं होतं. पोरींनी आपापसांत साखरपाणी देऊन निभावून नेलं. कुणीही मला सांगितलं नाही.

मी उठून औषधांचा ट्रे बघितला. लाल टोपणाच्या आणि केशरी टोपणाच्या, म्हणजे 40 च्या आणि 100 च्या, सिरिंजा एकाच खणात, एकमेकींत मिसळलेल्या. इतके महिने त्या तशाच होत्या. मी मुलीला शिक्षा केली आणि ट्रे होता तसाच ठेवला. त्या रात्री खण वेगळे केले. त्या मुलीची माफी मात्र मागायची राहून गेली, तिने नोकरी सोडली होती. म्हणून सांगते, चूक घेऊन कुणी आली तर आधी पेशंट बघ, मग ट्रे बघ, मग तिला बसवून पाणी दे. बाकीचं नंतर.

आणखी एक. आपण शिकवलेलं बदलतं, तेव्हा ते उघडपणे कबूल करायचं. आम्हाला पाठीची काळजी शिकवली ती अशी: स्पिरिट लावा, लाल झालेली जागा चांगली चोळा, वर पावडर. मी तेच कित्येक बॅचेसना शिकवलं. आता आपल्याला माहीत आहे की ती लाल जागा चोळली तर आतल्या पेशी जास्तच दुखावतात. कूस बदलणं, टाचा उचलून ठेवणं, त्वचा कोरडी ठेवणं, हेच खरं. हे वर्गात सांगताना माझ्याच जुन्या विद्यार्थिनी समोर इन्चार्ज म्हणून बसल्या होत्या. जीभ जड झाली, पण सांगितलं.

बेडसोअरचा, म्हणजे पडून राहिल्याने त्वचेला होणाऱ्या जखमांचा, विषय निघाला की मला मुंबईतल्या परळचं केईएम रुग्णालय आठवतं. अरुणा शानबाग तिथलीच परिचारिका. नोव्हेंबर 1973 मधल्या हल्ल्यानंतर ती 18 मे 2015 पर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होती. सुमारे 42 वर्षं. तिला बेडसोअर होऊ दिला नाही तिथल्या सिस्टरांनी. 2011 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही त्यांच्या शुश्रूषेचा गौरव आहे. शेवटच्या वर्षांत तिची कूस बदलणाऱ्यांत अशा मुली होत्या, ज्यांचा 1973 मध्ये जन्मही झाला नव्हता. त्यांना ते कुणीतरी पलंगाशी उभं राहून दाखवलं असणार, हात कुठे घालायचा, उशी कुठे सरकवायची. तिथे एज्युकेटर अशी पाटी कुणाच्या दारावर होती की नाही, याने मला फरक पडत नाही.

येत्या आठवड्यात एक नाइट कर. पहाटे तीन ते पाचच्या मधे वॉर्डात फिर, त्या वेळी डोळे मिटतात आणि आकडे मनाने लिहिले जातात. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, डब्यात काहीतरी ने.

सोबत माझं युनिफॉर्मला पिनने लावायचं घड्याळ पाठवते आहे. काचेवर थोडे चरे पडलेत. सेल कालच नवा घातला, सेकंदकाटा नीट चालतोय.

तुझी,
मॅडम