समान नियम की सारखे नियम?

प्रश्न असा आलाय की सेल्युलर ऑटोमॅटावर (पटावरची घरं शेजारची घरं बघून ठरलेल्या नियमांनी बदलत जातात, तसले खेळ) लेख लिहिताना 'सिमिलर रूल्स'ला समान नियम म्हणायचं की सारखे नियम.

समान नको हो! भाषांतरित विज्ञानलेखांत जिकडेतिकडे हे 'समान' वाचून डोकं फिरतं. समान वाटे, समान हक्क, म्हणजे तंतोतंत बरोबरीचे. मग नियम समान असतील तर तुलना कशाची करणार?

आता 'सारखा' बघा, काय सुंदर शब्द आहे. संस्कृत सदृक्ष, प्राकृतात सारिक्ख, मराठीत सारखा, गुजरातीतलं सरखुं आणि हिंदीतलं सरीखा ही त्याची भावंडं. आत दृश् धातू बसलाय, म्हणजे बघणं. सारखा म्हणजे दिसायला तसा, वागायलाही तसाच असेल असं या शब्दाने कधी कबूलच केलेलं नाही! 'सार'पासून सारखा असं छातीठोक सांगणारे लोक आहेत, त्यांनी आधी तो 'ख' कुठून आणला ते सांगावं, तो क्ष चा ख आहे.

गणिती कॉनवेचा गेम ऑफ लाइफ (१९७०) घ्या. पटावरचं घर एकतर जिवंत नाहीतर रिकामं, भोवतालची आठ घरं त्याचे शेजारी, सगळी घरं एकदम बदलली की एक पिढी. रिकाम्या घराला बरोबर ३ जिवंत शेजारी असले की ते जिवंत होतं, आणि जिवंत घर २ किंवा ३ शेजाऱ्यांवर टिकतं. १९९४ मध्ये नेथन थॉम्प्सनने हायलाइफ केला, त्यात एवढंच जास्त की ६ शेजारी असले तरी रिकामं घर जिवंत होतं. ग्लायडर नावाचा छोटा आकार दोन्हीकडे तसाच तिरपा सरकतो, बघणाऱ्याला वाटतं एकच खेळ आहे, आणि मग हायलाइफमध्ये एक छोटासा आकार १२ पिढ्यांत स्वतःची कॉपी काढतो, तोच आकार कॉनवेकडे ठेवा, कॉपीबिपी काही नाही. दिसायला सारखे!

आणि 'सारखा पाऊस पडतोय' मधला सारखा? माझ्या मते तोही हाच, हा क्षण मागच्या क्षणासारखा, म्हणून सतत. दोन बाय दोनचा ठोकळा मांडा, प्रत्येक घराला ३ शेजारी, कोणी मरत नाही, कोणी जन्मत नाही, दोन्ही खेळांत पिढ्यानपिढ्या आपला सारखा तसाच. कोशांनी हे दोन अर्थ नुसते क्रमांक देऊन वेगळे ठेवलेत ते मला अजिबात पटत नाही.

हां, तर लेखात 'सारखे नियम' लिहा. फक्त 'सारखेच' नको, तो च लागला की परत समान झालं.