कोंबडीची आणि टर्कीची पिल्लं एकाच ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देऊन वाढवायच्या खोक्यात) वाढवली तर चालतात का?

तुम्ही विचारलंय की २० कोंबडीची आणि ८ टर्कीची एक दिवसाची पिल्लं येणारेत, जागा कमी आहे, तर सगळी एकत्र ठेवू का. माझं उत्तर नको असंच आहे. दुसरं खोकं पिल्लं यायच्या आधीच तयार ठेवा, आल्यावर मग धावपळ होते.

मी पहिल्या वर्षी एकत्रच ठेवली होती कारण सगळे सांगायचे की कोंबडीच्या पिल्लांचं बघून टर्की खायला शिकतात, आणि ते खरंय, शिकतात. पुढे मोठी झाल्यावर जुन्या कोंबड्या फिरायच्या त्याच आवारात टर्की पण सोडल्या. दहाव्या आठवड्यात एकेक टर्की पंख खाली सोडून कोपऱ्यात उभी राहायला लागली, विष्ठा गंधकासारखी पिवळी, आणि ६ मधल्या ४ गेल्या. ब्लॅकहेड म्हणतात या रोगाला. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो, त्याच्या अंड्यांतून या रोगाचा परजीवी पसरतो, कोंबडीला बहुतेक वेळा काही जाणवतच नाही पण टर्कीचं लिव्हर खराब होतं. ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, गांडूळ ती खातं आणि टर्की गांडूळ खाते. हॅचरीतून (अंडी उबवतात तिथून) आणलेल्या एक दिवसाच्या पिल्लात हा जंत नसतो हे मान्य, पण घरी मोठ्या कोंबड्या असतील तर तुमच्या चपलेला लागून सुद्धा तो येतो. म्हणून मी आता रोज आधी टर्कीचं काम करते मग कोंबड्यांचं, आणि टर्कीकडे जायच्या चपला वेगळ्या.

खाद्य पण वेगळं लागतं. कोंबडीच्या पिल्लाला साधारण २० टक्के प्रोटीन पुरतं, टर्कीला सुरुवातीला २८ टक्क्यांच्या आसपास हवं. आणि कोंबडीच्या खाद्यात रक्ती हगवणीसाठी औषध मिसळलेलं असेल तर पिशवीवर नाव वाचा, सॅलिनोमायसिन असेल तर ते टर्कीला विषारी आहे, अजिबात घालू नका. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य तर कुठल्याच पिल्लाला नको, त्यातल्या जास्त कॅल्शियमने किडनी खराब होते.

आता खरं कठीण काम, टर्कीला खायला शिकवणं. कोंबडीचं पिल्लू खोक्यात ठेवलं की दाणा टिपायला लागतं, टर्कीचं पिल्लू भरलेल्या फीडरशेजारी उपाशी मरतं, मी स्वतः बघितलंय. पोटात अंड्यातला पिवळा बलक शिल्लक असतो त्यावर दोन-तीन दिवस निघतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय आणि चौथ्या-पाचव्या दिवशी अचानक मरायला लागतात. त्यामुळे आल्याआल्या एकेकाला हातात घेऊन चोच कोमट पाण्यात अलगद बुडवा (नाकपुड्या नाही, फक्त टोक), मग खाद्यात. पाण्यात रंगीत चमकणाऱ्या गोट्या टाका, चमकलं की ती टोचतात आणि टोचता टोचता पाणी पितात, शिवाय पाणी उथळ झाल्याने बुडत नाहीत. पहिले दोन-तीन दिवस तासा-दोन तासाला जाऊन बोटाने खाद्यावर टकटक करत बसा, चोच मारल्यासारखं, त्यांना तेच बघायचं असतं. कंटाळवाणं आहे पण माझी टर्की जगायला लागली ती यानेच.

ऊब दोघांनाही लागते. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, टर्कीला थोडी जास्त, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं. थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीला लावा, वर भिंतीला लावून उपयोग नाही. त्याहून पिल्लांकडे बघा, बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट करत असतील तर गार पडतंय, लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर गरम होतंय, पसरून शांत झोपली असतील तर बरोबर. बल्ब साखळीने टांगा, नुसत्या वायरवर नको, तुसावर पडला तर आग लागते. खोक्याला कोपरे असतील तर पुठ्ठा गोल वाकवून बुजवा, कारण घाबरली की कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात, टर्कीची तर जास्तच.

खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा, गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. ओला झालेला भाग रोज काढा, रक्ती हगवण ओलीतच वाढते. कोंबडीच्या पिल्लांच्या बुडाला विष्ठा चिकटून वाळली तर कोमट पाण्याने भिजवून काढा, ओढू नका. लसीचं वेळापत्रक जनावरांच्या डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

रोज रात्री झोपायच्या आधी टर्कीचं एकेक पिल्लू हातात घेऊन गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटाने चाचपा. भरलेली, मऊ लागली तर खाली सोडा, रिकामी लागली तर त्याला परत पाण्यापाशी घेऊन बसा.